तांदळात लिहिलेली नावे

मित्रांनो, मी एक जुने पितळी तबक आहे आणि माझ्या पाठीवर दुसऱ्याचेच नाव आहे. मला उलटे करून पाहिलेत तर कडेला ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरे दिसतील : ‘गो. वि. पारसनीस, नाशिक’. पूर्वी भांडे विकत घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घेत, म्हणजे लग्नाकार्यात ते शेजाऱ्यांच्या भांड्यांत हरवत नसे. आता हे गो. वि. पारसनीस गृहस्थ म्हणून चांगलेच होते, पण त्यांनी मला उभ्या आयुष्यात एकदाही घासले नाही. ज्या बायकांनी घासले त्यांची नावे माझ्यावर कुठेच नाहीत. तरीही ती मला पाठ आहेत, आणि तीच तुम्हाला सांगायची आहेत.

माझा जन्म नाशिकला एका तांबटाच्या दुकानात झाला. इतके ठोके खाल्ले की आजही कोणी चमच्याने टिचकी मारली तर मी खणखणीत बोलते. गो. विं.ना दिल्लीत सरकारी नोकरी लागली तेव्हा त्यांच्या पत्नीने मला एका जुन्या लुगड्यात गुंडाळून आगगाडीने आणले. करोलबागेतल्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला.

पारसनीस या आडनावाची दिल्लीत फार गंमत होई. शेजारी हटकून विचारत, “तो आप लोग पारसी हैं?” मग गो. वि. मोठ्या ऐटीत समजावून सांगत, की पारसनीस म्हणजे फारसीनवीस, फारसीत लिहिणारा. जुन्या काळी दरबारात फारसी पत्रे लिहिणाऱ्या कारकुनाला तसे म्हणत आणि तेच पुढे आडनाव झाले. “आमच्या पूर्वजांची पत्रं दिल्लीला आधी आली, आम्ही दोनशे वर्षांनी आलो,” असे म्हणून ते स्वतःच हसत. घरात फारसीचे एक अक्षर कोणाला येत नव्हते, हे मात्र ते सांगत नसत.

मी काही रोजच्या वापरातले भांडे नव्हते. माझे काम मोठे मानाचे होते. घरात नवी सून आली की संध्याकाळी लक्ष्मीपूजन होई. माझ्यात तांदूळ पसरून सारखे करीत. नवरा मुलगा बोटातली अंगठी काढून त्या तांदळात सुनेचे नवे नाव लिही. मग ते सर्वांना सांगत, साखर वाटत, आणि त्या क्षणापासून ती मुलगी त्या नावाची होई. माहेरचे नाव माहेरी राही. पाच मिनिटांचे काम, पण सगळे घर माझ्याभोवती गोळा होई. मला त्या वेळी फार अभिमान वाटे, हे मी लपवणार नाही.

गो. विं.च्या मुलाच्या लग्नात माझ्यावर पहिले नाव उमटले, ‘शालिनी’. शालिनी म्हणजे विनयाने वागणारी. त्या मुलीचे माहेरचे नाव द्वारका होते. ती विनयाने वागली की नाही हे तिच्या सासूला विचारायला हवे, पण ती पन्नास वर्षे शालिनी म्हणून नांदली. पुढे तिच्या मुलाने, म्हणजे विश्वनाथरावांनी, दिल्लीच्या द्वारका नावाच्या वसाहतीत फ्लॅट घेतला. सामान लावून झाल्यावर शालिनीबाई बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “माझं नाव मला परत मिळालं बघा. तेही पिनकोडासकट.” पुढची सहा वर्षे त्या येणाऱ्या प्रत्येक पत्रावरचा पत्ता मोठ्याने वाचत असत. असे नशीब सगळ्यांचे नसते, मित्रांनो. सगळ्या नावांच्या वसाहती होत नाहीत.

आता विश्वनाथरावांच्या लग्नाची गोष्ट. ते वर्ष होते १९८३. वधूचे नाव होते इंदुमती. इंदू म्हणजे चंद्र, आणि इंदुमती म्हणजे पौर्णिमा. तिच्या आजोबांनी ते नाव हौसेने ठेवले होते, कारण ती पौर्णिमेला जन्मली होती. शालिनीबाईंनी मात्र आधीपासून ठरवले होते, की विश्वनाथाची बायको विशालाक्षीच असली पाहिजे. काशीला विश्वनाथ आहे आणि विशालाक्षीही आहे, तेव्हा जोडी कशी शोभून दिसेल.

विश्वनाथराव मंत्रालयात नोकरीला होते आणि फाइलींवर ठळक शेरे मारण्याची त्यांना सवय होती. त्यांनी अंगठी घेतली आणि तांदळात भलेमोठे ‘विशा’ काढले. तिथेच मी संपले. एवढेसे माझे अंग, पुढची अक्षरे मांडीवर लिहायची होती काय? बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. विश्वनाथराव लाल झाले. त्यांनी तळहाताने तांदूळ सारखे केले, क्षणभर विचार केला, आणि सुचेल ते आटोपशीर नाव लिहून टाकले, ‘सरला’.

इंदुमती मान खाली घालून पाटावर बसली होती. तिला यातले काही दिसले नाही. पुढे कोणी विचारले की ती कौतुकाने सांगे, “माझा स्वभाव सरळ आहे ना, म्हणून ह्यांनी हे नाव निवडलं.” मी मुके भांडे. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला आणि सरलाबाईंनी तो पंगतीत वाढला.

मग माझे पडते दिवस आले. स्टीलची ताटे आली, काचेच्या बश्या आल्या. मला घासायला चिंच लागते, वेळ लागतो, म्हणून मला माळ्यावर ठेवले. मी काळे पडले. द्वारकेला आल्यावर सरलाबाईंनी मला खाली काढले आणि तांदूळ निवडायला घेतले. आता दिल्लीत पिशवीतल्या तांदळात खडा शोधूनही सापडत नाही. तरी सरलाबाई रोज निवडत. मला आधी वाटे, जुन्या सवयी सुटत नाहीत. मग एक दिवस कळले. घरात कोणी नसले की त्या माझ्यात तांदूळ पसरत, बोटाने ‘इंदुमती’ असे लिहीत, थोडा वेळ बघत आणि पुसून टाकत.

त्यांना त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नव्हते. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ ताई म्हणे. आई मात्र दर रविवारी फोन करी आणि “इंदू, जेवलीस का गं?” असे विचारी. नऊ वर्षांपूर्वी आई गेली आणि ते नाव जगात कोणाच्याच तोंडात राहिले नाही. सरलाबाईंना त्याचे फार वाईट वाटे. पण पासष्टाव्या वर्षी नवऱ्याला काय सांगणार, की मला माझ्या नावाने हाक मारा? लोक हसतील, असे त्यांना वाटे. म्हणून त्या तांदूळ निवडत बसत.

यंदा त्यांच्या मुलाचे, अंकुरचे, लग्न ठरले. मुलगी नोएडाची, सलोनी ताकभाते. हो, ताकभातेच. मराठीत अशी खाण्याची आडनावे आहेत, त्यात हसण्यासारखे काही नाही. तरी अंकुरचे मित्र हसलेच. सलोनीनेच त्यांना गप्प केले. ती म्हणाली, “सलोनी म्हणजे जिच्यात मीठ आहे ती. आमच्या ताकभातात तेवढंच कमी होतं, म्हणून बाबांनी नाव ठेवलं.” शब्दाची फोड तिने अगदी खरी सांगितली होती. सलवण, सलोना, सलोनी. लवण म्हणजे मीठ, आणि लावण्य तिथूनच आले. मला ही मुलगी त्याच दिवशी आवडली.

लग्नाच्या दोन आठवडे आधी ती घरी आली होती. मी जेवणाच्या टेबलावर मेथीची जुडी घेऊन बसले होते, त्यामुळे सगळे ऐकले.

“आई तांदळात नाव लिहायचं म्हणतेय,” अंकुर दबक्या आवाजात म्हणाला. “काहीतरी नवीन नाव ठरवलंय तिनं. सांगत नाहीये.”

“मी नाव बदलणार नाही. बिल्कुल नाही,” सलोनी म्हणाली. “एकतीस वर्षं मी सलोनी आहे.”

“अगं, कागदावर नाही बदलायचं. नुसतं तांदळात लिहायचं. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, यार. आईचंही तसंच झालं होतं.”

“अच्छा? त्यांचं आधीचं नाव काय होतं?”

शाळेच्या पहिल्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत आईच्या नावाच्या रकान्यात अंकुरने सरला हेच लिहिले होते. “मामाला विचारायला हवं,” तो म्हणाला.

“बघ,” सलोनी म्हणाली. “पाच मिनिटांचा प्रश्न होता ना?”

अंकुरने मेथीची एक काडी उचलली आणि उगाच तिची पाने खुडत बसला. आईला आधी सांगायचे धाडस काही त्याला झाले नाही.

इकडे सरलाबाईंनी मला चिंच आणि मीठ लावून असे घासले, की मला माझाच चेहरा ओळखू येईना. विश्वनाथराव पेपर वाचत होते. त्या त्यांना म्हणाल्या, “सुनेचं नाव मी ठरवलंय. ऐनवेळी अंकुरच्या कानात सांगेन.” “अच्छा,” विश्वनाथराव म्हणाले आणि पान उलटले. सरलाबाई स्वतःशीच हसत होत्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला समजले होते, आणि मित्रांनो, मी चकाकत असूनही माझा जीव कासावीस झाला.

सकाळी नोएडाच्या हॉलमध्ये लग्न लागले. संध्याकाळी वरात द्वारकेला आली. सलोनीने उंबरठ्यावरचे माप ओलांडले, देवापुढे समई लागली, आणि मला चौरंगावर ठेवून माझ्यात तांदूळ पसरले. दोन्हीकडची माणसे दाटीवाटीने बसली होती. अंकुरने अंगठी हातात घेतली. सरलाबाई वाकल्या आणि त्याच्या कानात नाव सांगितले.

अंकुरचा हात थांबला. “आई, हे कोणाचं नाव?”

सलोनीला वाटले, आता बोलायलाच हवे. ती शांतपणे म्हणाली, “आई, राग मानू नका. मला माझंच नाव ठेवायचं आहे.”

कोणीतरी आपला मोबाइल खाली ठेवला.

“अगं, तुझं नाव मी काढून घेत नाहीये,” सरलाबाई गडबडून म्हणाल्या. “ऑफिसात, बाहेर, सगळीकडे तू सलोनीच. हे फक्त घरात हाक मारायला. इंदुमती. चांगलं नाव आहे गं.”

“पण इंदुमती कोण?” अंकुरने पुन्हा विचारले.

“मी,” सरलाबाई म्हणाल्या.

मग त्यांचा आवाज बारीक झाला. “म्हणजे लग्नाआधी होते. आई गेल्यापासून कोणी ते नाव घेतच नाही. मला वाटलं, सुनेला दिलं तर घरात निदान ऐकू तरी येईल. मीच हाक मारीन आणि मीच ऐकीन. एवढंच होतं मनात.” त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “जाऊ दे. वेडेपणा झाला माझा. तू ‘सलोनी’च लिही रे.”

मित्रांनो, या घरात मी तीन पिढ्यांचे सोहळे पाहिले, पण इतकी माणसे एकाच वेळी माझ्याकडे बघायचे टाळताना मी कधी पाहिली नव्हती.

सलोनी जागची उठली आणि सरलाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. “आई, तुमचं नाव घेऊन मी घरात फिरायचं आणि तुम्ही नुसतं ऐकायचं, असं कसं? ते तुम्हीच घ्या ना परत. मी हाक मारायला आहे.”

“सासूला नावानं हाक मारणार होय?” सरलाबाईंनी विचारले.

“मी नाही,” सलोनी म्हणाली आणि तिने विश्वनाथरावांकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले.

विश्वनाथराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना खाली बसता येत नाही. ते उठले आणि म्हणाले, “आधी तुमचं आटपा. मग ते तबक टेबलावर ठेवा.”

अंकुरने ‘सलोनी’ लिहिले. टाळ्या झाल्या, साखर वाटली. मग तांदूळ सारखे करून मला टेबलावर ठेवले. विश्वनाथरावांची अंगठी बोटात घट्ट रुतली होती. साबण लावला, तेल लावले, ती काही निघेना. शेवटी सलोनीने आपली काढून दिली.

“लिहायच्या आधी एक सांगायचं राहिलंय,” विश्वनाथराव पत्नीकडे न बघता म्हणाले. “त्या दिवशी आईनं मला विशालाक्षी लिहायला सांगितलं होतं. मी मोठ्ठं लिहायला घेतलं आणि विशावरच तबक भरलं. मग घाबरून तीन अक्षरांचं काहीतरी लिहिलं.”

सरलाबाई बघतच राहिल्या. “म्हणजे माझ्या स्वभावावरून नाही?”

“तुझा स्वभाव मला तेव्हा कुठे माहीत होता? माहीत असता तर सरला लिहिलं असतं का?”

खोलीभर हशा पिकला. सरलाबाईंनी रागवायचा प्रयत्न केला, पण त्यांनाच हसू आवरेना. माझ्या मनावरचे बेचाळीस वर्षांचे ओझे मात्र उतरले.

विश्वनाथरावांनी या वेळी अक्षर बारीक काढले. इंदुमती, चारही अक्षरे माझ्यात नीट बसली आणि भोवती जागाही उरली. इतकी वर्षे ते नाव माझ्यात बोटाने चोरून लिहिले जात होते. आज ते सर्वांदेखत लिहिले गेले आणि कोणी पुसायला हात पुढे केला नाही.

“बाबा, आता नाव घ्या,” सलोनी म्हणाली. “उखाण्यात. फुकट चालणार नाही.”

बायकांनी आयुष्यभर उखाण्यांत नवऱ्यांची नावे घेतली, ती मी भरपूर ऐकली आहेत. विश्वनाथरावांना उखाणा घ्यायला कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला, सुनेकडे पाहिले आणि म्हणाले :

“द्वारकेहून नोएडाला मेट्रो जाते थेट,
बेचाळीस वर्षांनी झाली इंदुमतीची भेट.”

ताकभात्यांच्या बाजूने सगळ्यात जोरात टाळ्या वाजल्या. सरलाबाई, नाही, इंदुमतीबाई लाजून स्वयंपाकघरात पळाल्या, आणि पासष्ट वर्षांच्या बाईला असे लाजताना पाहून मला फार फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वनाथरावांनी बाल्कनीतून हाक मारली, “इंदुमती.” त्या ओट्यापाशीच उभ्या होत्या, पण वळल्या नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली. तरी नाही. नऊ वर्षांत त्यांच्या कानांची सवयच गेली होती. तिसऱ्या हाकेला मात्र त्या दचकल्या, हातातला चमचा तसाच धरून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते.

“चहा टाकतेस ना?” विश्वनाथरावांनी विचारले.

“चहा सरला टाकायची,” त्या म्हणाल्या. “इंदुमती कालच आली आहे या घरात. आज तुम्ही टाका.”

आणि विश्वनाथरावांनी टाकला. साखर जास्त पडली होती म्हणे, पण कोणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माझे आता बरे चालले आहे. मला महिन्यातून एकदा घासतात, आणि कोणी आले की सलोनी मला उचलून दाखवते. तुमच्याही घरात एखादे असे तबक, तांब्या किंवा डबा माळ्यावर काळा पडलेला असेल. त्याला खाली काढा, चिंच लावून स्वच्छ करा, पाठीवर कोणाचे नाव आहे ते वाचा. पण तेवढ्यावर थांबू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आजीला, आईला, काकूला विचारा, की लग्नाआधी तुझे नाव काय होते, ते कोणी ठेवले, त्याचा अर्थ काय. ती आधी “कशाला हवंय आता ते” असे म्हणेल. तुम्ही हट्ट धरा. नाव कळले की लगेच त्या नावाने तिला एक हाक मारा, आणि पहिल्या हाकेला ती वळली नाही तर पुन्हा मारा.